कॅमेऱ्याची परीक्षा दशाश्वमेध घाटावर

महाराष्ट्रातील जुन्या पिढीत काशीयात्रा हा आयुष्यात एकदाच घडणारा योग मानला जाई. यात्रेकरू परतत तो गंगाजलाचा गडू घेऊन. मग घरी मावंदे होई, आप्तेष्ट जेवून तृप्त होत आणि यात्रेची हकीकत रात्री उशिरापर्यंत रंगे. आज काशीचा प्रवास पूर्वीइतका दुर्घट राहिलेला नाही. गडू अजूनही येतो. पण त्याच्या जोडीला आता शेकडो छायाचित्रेही येतात. ती सर्वांनी मिळून पाहावयास बसावे, तो असे आढळते की, घाटाच्या पायरीवर बसलेल्या आजींचा चेहरा काळवंडलेला आहे, मागचे आकाश मात्र पांढरे फटक आहे. आरतीच्या दीपमाळांच्या जागी पिवळे डाग उमटले आहेत. आणि नदीच्या मध्यावरून टिपलेला सुंदर सज्जा धुरकट दिसत आहे. कुटुंबात एकमताने निर्णय होतो : कॅमेरा वाईट होता, पुढच्या वेळी भारी घेऊ.

वाचकहो, हा निर्णय बहुधा चुकीचा असतो. कॅमेरा वाईट नसतो. ज्या कामासाठी तो घडविलेला नाही, ते काम त्याच्यावर सोपविलेले असते. डिजिटल कॅमेऱ्यांची निरनिराळी कुळे आहेत आणि प्रत्येक कुळाचे गुण व मर्यादा ठरलेल्या आहेत. त्या एकदा समजून घेतल्या, तर घरचा पैसा वाचतो आणि पुन्हा न येणारा प्रसंगही हातचा जात नाही. वृद्ध आईवडिलांची काशीयात्रा पुन्हा घडेलच असे कोणी सांगावे?

या कुळांची परीक्षा घेण्यास दशाश्वमेध घाटासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध केले, अशी पुराणकथा आहे. अठराव्या शतकात पेशव्यांनी आणि अहल्याबाई होळकरांनी घाटाच्या बांधकामाला हातभार लावला; शेजारचा घाट तर अहल्याबाईंच्याच नावाने ओळखला जातो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र या घाटाचे महत्त्व वेगळे आहे. काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे आणि सारे घाट तिच्या पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत. पलीकडच्या तीरावर वाळूचा मोकळा पट्टा; त्यामुळे उगवत्या सूर्याचा पहिला किरण आडकाठीविना पायऱ्यांवर येतो. दुपारी तेथे प्रखर ऊन आणि छत्र्यांची सावली शेजारी शेजारी नांदतात. सूर्य शहरामागे मावळतो, तेव्हा घाट लवकर अंधारतो आणि त्या अंधारात आरती सुरू होते. एकाच दिवसात, एकाच जागी प्रकाशाच्या तीन अवस्था! कोणता कॅमेरा कोठे उत्तीर्ण होतो, ते येथे आपोआप कळते.

काचेच्या पट्टीपासून संवेदकापर्यंत

छायाचित्रणाचा शोध पॅरिस येथे १८३९ मध्ये जाहीर झाला. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकारांपैकी एक होते. १८६३ मध्ये हिंदुस्थानात आलेला सॅम्युअल बोर्न याने त्याच दशकात काशीच्या घाटांची छायाचित्रे घेतली. त्या काळी काचेच्या पट्टीवर ओले रसायन चढवावे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी आणि सुकण्यापूर्वीच जवळच्या अंधाऱ्या तंबूत धुऊन काढावी, असा खटाटोप असे. एका चित्रामागे अर्ध्या तासाचे श्रम आणि हमालांच्या डोक्यावरील पेट्या!

पुढे फिल्म आली. बारा चित्रांचे रीळ घालून आग्फा क्लिक-३ सारखा साधा कॅमेरा गळ्यात अडकविलेला गृहस्थ हे एका काळी आपल्याकडील सहलींचे परिचित दृश्य होते. बाराच चित्रे असल्यामुळे प्रत्येक चित्र विचार करून घेतले जाई, हा त्या गरिबीचा लाभ म्हणावा लागेल.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा विद्युत्संवेदकाने घेतली. प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी सीसीडी ही युक्ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधली; त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते. चित्र होते अवघ्या १० हजार बिंदूंचे, तेही कृष्णधवल. आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. ज्या कंपनीच्या घरात हे बाळ जन्मले, तिचा फिल्मचा व्यवसाय त्यानेच गिळला आणि २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला. पुढे १९९५ मध्ये पाठीवर छोटा पडदा असलेला कॅसिओचा कॅमेरा सामान्य ग्राहकाच्या हाती आला आणि घेतलेले चित्र तत्काळ पाहण्याची सोय झाली.

परात, ताट आणि वाटी

सर्व डिजिटल कॅमेऱ्यांत भिंग, संवेदक आणि गणन करणारी चिप ही तीनच मुख्य अंगे असतात. भेद पडतो तो मुख्यतः संवेदकाच्या आकारामुळे. पावसाच्या वेळी अंगणात परात, ताट आणि वाटी शेजारी शेजारी ठेवली, तर तितक्याच वेळात परातीत पाणी अधिक जमते, वाटीत कमी. संवेदकाचेही तसेच आहे. मोठ्या संवेदकावर प्रकाश अधिक गोळा होतो. म्हणून अंधारातही त्याचे चित्र स्वच्छ उमटते. लहान संवेदकाला थोड्या प्रकाशावर भागवावे लागते आणि ते अपुरे पडले की, चित्रात रवाळ ठिपके दिसू लागतात.

थोडे आकडे पाहू. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या संवेदकाला ‘फुल फ्रेम’ म्हणतात. तो ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतो. त्याखालचा ‘एपीएस-सी’ सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर, ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ २२५, ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा ११६, तर स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यांतील संवेदक केवळ २८ चौरस मिलिमीटर असतो. पहिला शेवटच्याच्या तीसपट! येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘एक इंची’ संवेदकाची कोणतीही बाजू एक इंच नसते, ती १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असते. हे नाव जुन्या दूरदर्शन-नळ्यांच्या मापावरून पडले आहे. दुकानात नावावर न जाता मिलिमीटर विचारावेत.

कॅमेऱ्यांची कुळे

पहिले कुळ मोबाइलचे. त्याचा मुख्य संवेदक करंगळीच्या नखाएवढा; पण त्याच्यामागे वेगवान गणन उभे आहे. आपण बटण एकदा दाबतो. मोबाइल मात्र कमीअधिक प्रकाशाची अनेक चित्रे टिपून त्यांतून एक चित्र घडवितो. तो सदैव जवळ असतो आणि वेगळा खर्च करावा लागत नाही, हे त्याचे मोठेच गुण होत.

दुसरे कुळ खिशातल्या ‘कॉम्पॅक्ट’ कॅमेऱ्यांचे. यांतील स्वस्त जाती मोबाइलमुळे जवळजवळ लोपल्या. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर सुमारे १२ कोटी कॅमेरे पाठविले होते. २०२० नंतर हा आकडा वर्षाला एक कोटीच्या आत आला. टिकून आहेत त्या मुख्यतः एक इंची किंवा त्याहून मोठ्या संवेदकाच्या महाग जाती.

तिसरे कुळ ‘ब्रिज’ कॅमेऱ्यांचे. दिसावयास मोठे, भिंग न बदलता येणारे, परंतु दूरचे जवळ आणण्याची शक्ती विलक्षण, चाळीस-साठपटीपर्यंत. संवेदक मात्र बहुधा वाटीएवढाच.

चौथे कुळ ‘डीएसएलआर’चे. यात भिंगामागे तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वळून डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि बटण दाबताच आरसा उचलला जाऊन संवेदक उघडा पडतो. तो ‘खटक’ आवाज त्याचाच. दृश्य प्रत्यक्ष दिसते आणि विजेरी दीर्घकाळ चालते. एका भारात साधारण पाचशे ते हजार चित्रे सहज निघतात.

पाचवे कुळ ‘मिररलेस’, म्हणजे आरशाविना असलेल्या कॅमेऱ्यांचे. पॅनासॉनिकने २००८ मध्ये भिंग बदलता येणारा असा पहिला मायक्रो फोर थर्ड्‌स कॅमेरा काढला. २०१३ मध्ये सोनीने फुल फ्रेम संवेदकही या कुळात आणला. आरसा गेल्यामुळे अंग आटोपशीर झाले. चित्र उजळ येणार की काळोखे, हे बटण दाबण्यापूर्वीच छोट्या पडद्यावर दिसते. माणसाचा डोळा ओळखून कॅमेरा त्यावर नेम धरतो. आणि इच्छा असल्यास आवाजही करीत नाही. विजेरी मात्र लवकर संपते. आता बड्या कंपन्यांचे नवे संशोधन याच कुळात होत आहे. नवे डीएसएलआर क्वचितच निघतात.

याखेरीज पाण्यात बुडाले तरी बिघडणार नाहीत असे चिमुकले ‘ॲक्शन’ कॅमेरेही आहेत. पोहणाऱ्यांना आणि गिर्यारोहकांना ते उपयोगी. यात्रेकरू कुटुंबाला त्यांची निकड क्वचितच भासते.

पहिली परीक्षा : पहाटेची नाव

सूर्योदयाच्या सुमारास नावेत बसून नदीच्या मध्यावर जावे. तेथून घाटाकडे पाहिले की, सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि पायऱ्या, देवळे, छत्र्या सोनेरी उजेडात न्हालेल्या असतात. या क्षणी प्रत्येक कुळ उत्तीर्ण होते. प्रकाश भरपूर आणि सर्वत्र सारखा असेल, तर मोबाइलचे चित्र आणि महाग कॅमेऱ्याचे चित्र यांतील फरक पोस्टकार्डाएवढ्या प्रतीत शोधूनही सापडणार नाही.

आता आजींना नावेच्या टोकाशी बसवून, सूर्य त्यांच्या मागे येईल असे चित्र घेऊन पाहा. चेहरा छायेत, आकाश तेजाळलेले. येथे मोबाइल आघाडी मारतो. कारण अनेक चित्रे मिसळून तो चेहरा आणि आकाश दोन्ही सांभाळतो. मोठ्या कॅमेऱ्याने तेच साधावयाचे, तर छोटा फ्लॅश चमकवावा लागेल, किंवा ‘रॉ’ प्रकारची कच्ची नोंद ठेवून घरी संगणकावर ती उजळावी लागेल. ही विद्या ज्यांना शिकावयाची नाही, त्यांनी आजींना फक्त तोंड फिरवून बसण्याची विनंती करावी. बिनखर्ची उपाय बहुधा उत्तम ठरतो.

दूरच्या दृश्याची गोष्ट वेगळी. दशाश्वमेधाच्या उत्तरेस मानमंदिर घाट आहे. आमेरच्या राजा मानसिंहाच्या त्या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे आणि त्याचा नक्षीदार दगडी सज्जा प्रसिद्ध आहे. नावेतून तो सज्जा टिपताना मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटे फाकवून चित्र मोठे केले, तर ठरावीक मर्यादेपलीकडे आपण फक्त चित्राचा तुकडा कापून ताणीत असतो. नवा तपशील त्यात येत नाही. भिंगाने खरोखर जवळ आणणे आणि चित्र ताणणे यांत हा भेद आहे. येथे ब्रिज कॅमेरा सरस ठरतो, किंवा डीएसएलआर व मिररलेस यांना लांब पल्ल्याचे भिंग लावावे.

पण नाव डुलते, हे विसरू नये. जुन्या छायाचित्रकारांचा नियम असा की, भिंग जितक्या मिलिमीटरचे, तितक्या अंशांपेक्षा अधिक काळ पडदा उघडा ठेवू नये. २०० मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाचा २०० वा भाग. हल्लीचे कंपरोधक भिंग हाताचा कंप बरेचसे शोषून घेते. पण हलत्या नावेत सेकंदाचा ५०० वा भाग ठेवणे अधिक सुरक्षित.

दुसरी परीक्षा : दुपारच्या छत्र्या

दशाश्वमेध घाटावर पुरोहितांच्या मोठाल्या छत्र्या प्रसिद्ध आहेत. भर दुपारी उन्हात उभ्या केलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली, नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. त्याच माणसाला छत्रीच्या कडेला, सावलीच्या आत बसवावे. आजूबाजूच्या दगडी पायऱ्यांवरून परतलेला मृदू उजेड चेहऱ्यावर पसरतो. याच तत्त्वाचा उपयोग सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटात केला. काशीतील घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. तेथे वर ताणलेल्या कापडावरून दिव्यांचा प्रकाश परतवून त्यांनी खऱ्या अंगणाचा भास निर्माण केला. ज्या गोष्टीसाठी त्यांना कापड ताणावे लागले, ती घाटावरची छत्री आपणांस फुकट देते.

व्यक्तिचित्र घेताना मागची गर्दी अस्पष्ट व्हावी, असे आपणांस वाटते. मोठा संवेदक आणि रुंद छिद्राचे भिंग यांनी ते नैसर्गिकपणे साधते. एपीएस-सी कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे, एफ १.८ छिद्राचे साधे भिंग लावावे. भिंगांमध्ये हे सर्वांत स्वस्त गणले जाणाऱ्यांपैकी आहे आणि त्याचे काम मात्र किमतीच्या मानाने फारच सुंदर. मोबाइल हीच अस्पष्टता गणिताने निर्माण करतो. ती बहुधा जमते. पण विसकटलेल्या केसांच्या कडा, चष्म्याच्या काड्या किंवा पदराची किनार यांपाशी त्याचा हिशेब चुकतो आणि किनारीचा तुकडा मागच्या धूसरतेत विरघळतो. मोठी प्रत काढून भिंतीवर लावावयाची असेल, तर हा दोष रोज डोळ्यांत खुपेल.

दुपारी आणखी एक अडचण येते. उन्हात मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही. ज्या कॅमेऱ्याला डोळा लावण्याची खिडकी आहे, तो येथे सोयीचा. विशेषतः वयस्क मंडळींना.

तिसरी परीक्षा : संध्याकाळची आरती

आरती उन्हाळ्यात सातच्या आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारास सुरू होते. पावसाळ्यात पाणी चढले की, पायऱ्या बुडतात आणि आरती वरच्या जागी हलवावी लागते. नावाही बंद ठेवतात. तेव्हा यात्रेचा महिना पाहूनच बेत करावा. पुरोहित चौथऱ्यांवर उभे राहून नदीकडे तोंड करून आरती करतात. म्हणून पायऱ्यांवर बसणाऱ्यास बहुतांशी पाठ दिसते, तर नावेतील यात्रेकरूस चेहरा. उत्तम जागा निवडणे हे उत्तम कॅमेरा निवडण्याहून मोलाचे आहे.

ही परीक्षा सर्वांत कठीण. दिवा तेजस्वी, भोवती अंधार, धूपाचा धूर आणि दीपमाळ सतत फिरती. समजा, एफ २.८ छिद्राच्या भिंगाने, सेकंदाच्या १२५ व्या भागात आणि ३२०० आयएसओ संवेदनशीलतेवर चित्र नीट येत आहे. आता कॅमेऱ्याबरोबर मिळालेले साधे भिंग लांबवरच्या टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते असे धरू. त्यातून चौथ्या हिश्शाइतकाच प्रकाश येईल. मग एक तर पडदा चौपट वेळ, म्हणजे सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाइतका उघडा ठेवावा लागेल आणि फिरती दीपमाळ पुसट होईल. किंवा संवेदनशीलता १२,८०० करावी लागेल आणि चित्र रवाळ होईल. लहान संवेदकाच्या ब्रिज कॅमेऱ्याची येथे दमछाक होते. एपीएस-सी कॅमेरा रुंद छिद्राच्या भिंगासह उत्तीर्ण होतो. फुल फ्रेम प्रथम श्रेणीत येतो. पण त्याची व त्याच्या भिंगांची किंमत आणि वजन दोन्ही तशीच वरच्या श्रेणीची असतात.

मोबाइल जवळून आणि स्थिर दृश्यात आश्चर्यकारक काम करतो. फिरत्या ज्योतीपुढे मात्र त्याची अनेक चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत आणि ज्योतीला भुतासारखी दुसरी छाया येते. दूरचे दृश्य अंधारात मोठे करू पाहिल्यास तर त्याची निराशा ठरलेलीच. येथे मोबाइलवर चित्रफीत घ्यावी हे बरे. घंटा, शंख आणि स्तोत्र यांचे ध्वनी त्यात येतात आणि घरच्यांना चित्रापेक्षा त्याचाच आनंद अधिक होतो.

कॅमेरा कोणताही असो, तीन गोष्टी सर्वांना लागू आहेत. फ्लॅश बंद ठेवावा. अंतर दुप्पट झाले की, त्याचा उजेड चौथाई उरतो आणि चार-पाच मीटरपलीकडे साध्या फ्लॅशचा उपयोग नसतो. दुसरे, कॅमेऱ्याला दृश्य अंधारे वाटून तो चित्र अधिक उजळ करतो आणि ज्योती पांढऱ्या पडतात; उजेडाची मात्रा एक पायरी खाली आणावी. तिसरे, रंगसंतुलन ‘दिवसाचा प्रकाश’ यावर ठेवावे, म्हणजे ज्योतीचा केशरी रंग टिकून राहतो.

मेगापिक्सेलचा मोह

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत मेगापिक्सेलचा आकडा असतो. त्याचा हिशेब सोपा आहे. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू पुरेत. सहा बाय चार इंचांच्या प्रतीला १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू लागतात. दहा बाय आठ इंचांच्या प्रतीला ७२ लाख. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख बिंदू असतात! भिंतीवर वीस बाय तेरा इंचांचे चित्र लावणाऱ्यासही २४ मेगापिक्सेल पुरतात. याहून मोठ्या आकड्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी, ते पैसे चांगल्या भिंगात घालावेत. कॅमेऱ्याचे अंग काही वर्षांत जुने होते. भिंग मात्र पिढ्या काढते. निकॉनने १९५९ साली सुरू केलेल्या जोडणीची भिंगे योग्य दुवा लावून आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांवरही चालविता येतात. घरातील जुन्या पेटीत असे भिंग असेल, तर ते मोडीत काढू नये.

खरेदी आणि निगा

मग कोणी काय घ्यावे? ज्यांना वर्षातून एखादी सहल आणि घरगुती समारंभ टिपावयाचे आहेत, त्यांनी हातातील मोबाइलच नीट वापरावा. भिंग स्वच्छ रुमालाने पुसून घेणे हीच त्यांची पहिली सुधारणा. पक्षी, शिखरे, दूरचे सज्जे यांची आवड असणाऱ्यांनी, पण भिंगे बदलण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी ब्रिज कॅमेरा पाहावा. ज्यांच्या घरी मुलाला वा मुलीला ही कला शिकावयाची आहे, त्यांनी जुन्या बाजारातील डीएसएलआरचा विचार अवश्य करावा. मिररलेसच्या लाटेमुळे चांगली यंत्रे आणि भिंगे माफक किमतीत मिळू लागली आहेत. घेताना पडदा किती वेळा उघडला गेला आहे ते विचारावे आणि भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहावे. नव्याने सुरुवात करणाऱ्या आणि दीर्घकाळ ही आवड जोपासू इच्छिणाऱ्या व्यक्तीस एपीएस-सी मिररलेस योग्य. फुल फ्रेम ही गरज आहे ती मुख्यतः व्यावसायिकांची. मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहून, छायाचित्र घेऊन जागच्या जागी छापून देणारे छायाचित्रकार आपण पाहिले असतील; कॅमेरा ही त्यांची रोजची भाकरी आहे. ते यंत्राची किंमत त्यातून मिळणाऱ्या मिळकतीशी ताडून पाहतात. आपणही तोच व्यवहारी विचार करावा.

कोकणात व किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी कॅमेरा कातडी पिशवीत महिनोन्‌महिने कोंडून ठेवू नये; दमटपणाने भिंगावर बुरशी चढते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढी सोय पुरते. घाटावर वाळू, धूर आणि राख असते. तेथे भिंग बदलू नये.

कोणाचे चित्र घ्यावे, कोणाचे घेऊ नये

बोर्नच्या काळात छायाचित्रकाराला समोरच्या माणसाची संमती घ्यावीच लागे. तो क्षणभर जरी हलला, तरी पट्टी वाया जाई. आज सेकंदाच्या सहस्रांश भागात, नकळत, आवाजाविना चित्र घेता येते. म्हणूनच संयमाची गरज वाढली आहे. स्नान करणाऱ्या स्त्रिया, भिक्षा मागणारे वृद्ध, पितरांचे पिंड देताना डोळे भरून आलेला मुलगा, हे आपल्या संग्रहाचे नमुने नव्हेत. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर चिता जळत असतात; तेथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. आपल्या घरातील दुःखाचे चित्र परक्याने काढून नेले, तर आपणांस काय वाटेल, एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे. काशी विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल वा कॅमेरा नेऊ देत नाहीत. १७८० मध्ये अहल्याबाईंनी उभारलेले ते मंदिर डोळ्यांनी पाहून मनात साठवावे.

चित्रे टिकावीत कशी

शेवटचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा. साठ वर्षांपूर्वीच्या आग्फाच्या छायाचित्रात आजोबा अजूनही दिसतात. पण दोन वर्षांपूर्वीची शेकडो चित्रे मोबाइल पाण्यात पडताच नाहीशी होतात. डिजिटल चित्र हळूहळू फिके होत नाही. ते एकदम जाते. म्हणून जाणत्यांचा नियम असा : प्रत्येक मौल्यवान चित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक गावच्या भावाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत. यात्रेत असताना रोज रात्री मुक्कामावर चित्रे दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावीत आणि तोवर कार्ड पुसू नये.

याहून सोपा उपाय म्हणजे छपाई. परत आल्यावर पाचशे चित्रांतून पंचवीस निवडावीत. या निवडीस घरातील सर्वांना बसवावे. आजींना कोणते आवडते, ते आधी विचारावे. ती चांगल्या कागदावर छापून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, घाटाचे नाव आणि माणसांची नावे लिहावीत. पन्नास वर्षांनी एखादी नात ते चित्र हातात घेईल, तेव्हा ते कोणत्या कुळाच्या कॅमेऱ्याने घेतले होते, हे ती विचारणार नाही. चित्रातील बाई कोण, एवढेच तिला जाणून घ्यावयाचे असेल. आणि त्याचे उत्तर मागे लिहिलेले असले पाहिजे.